लष्करामागचा तांडा

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, सेनापतींची नावे असतात, तोफांची व घोडेस्वारांची संख्याही असते. परंतु लढाईच्या आदल्या रात्री ते पन्नास हजार लोक काय जेवले, ते धान्य कोणी आणले, आणि आणणारास त्याचा मोबदला कोणी दिला, हे सांगणारे पान क्वचित सापडते. माझी बहुतेक नोकरी चाळीसगाव तालुक्यात झाली व निवृत्तीनंतर मी धुळ्यास राहावयास आलो. येथे राजवाडे संशोधन मंदिरात दुपारचे दोन तास वाचीत बसण्याची सवय लागली, आणि त्या वाचनात हा एकच प्रश्न मजपुढे पुन्हा पुन्हा उभा राहू लागला. त्यास एक घरगुती कारणही आहे. ते पुढे येईल.

आपल्या पूर्वजांनी या गोष्टीचा विचार केला नव्हता असे नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात युधिष्ठिराचे सैन्य कुरुक्षेत्राकडे निघते, तेव्हा त्याबरोबर गाड्या, दुकाने, कोश, यंत्रे आणि वैद्यही निघतात असे व्यासांनी आवर्जून सांगितले आहे. कौटिल्य तर या बाबतीत फारच नेमका. धान्यादिकांचा पुरवठा तो ‘वीवध’, मित्रसैन्याचे साहाय्य तो ‘आसार’, आणि गवत-लाकूड आणण्याची सोय तो ‘प्रसार’. तीन वेगळ्या गोष्टींस तीन वेगळे शब्द. छावणी झाडणे, रस्ते व पूल नीट करणे, विहिरी उपसणे, शस्त्रे व दाणावैरण वाहणे, लढाईत पडलेल्यांस उचलून आणणे, ही कामे त्याने ‘विष्टी’कडे सोपविली आहेत. या ‘विष्टी’चाच अपभ्रंश होऊन आपला ‘वेठ’ हा शब्द झाला. म्हणजे सैन्याचे ओझे वाहावयाचे तर राजाने वेठीस धरलेल्या माणसाने, ही एक रीत. दुसरी रीत अशी की ओझे वाहणारा स्वतंत्र व्यापारी असावा. त्याची जनावरे त्याची, त्याचा माल त्याचा, आणि राजाशी त्याचा संबंध करारापुरता. या दुसऱ्या रीतीचा आपल्या दक्षिणेतला सर्वांत मोठा नमुना म्हणजे वणजाऱ्यांचा तांडा.

‘वणजारी’ हा शब्द वाणिज्यावरून व ‘लमाण’ हा लवणावरून आला असे व्युत्पत्तिकार सांगतात. (महाराष्ट्रातली शेती करणारी वंजारी जात व गोरमाटी बोलणारे बंजारा-लमाण हे आज वेगळे समाज आहेत, नावाच्या सारखेपणाने वाचकांनी घोटाळा करून घेऊ नये.) या लोकांविषयीची जुनी सविस्तर माहिती ज्या गृहस्थाने लिहिली, तो योगायोगाने आमच्या धुळ्याचाच म्हणावयाचा. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा १८१८ साली खानदेशचा पहिला इंग्रज अधिकारी म्हणून आला आणि त्याने धुळे हे मुख्य ठाणे केले. मुंबईच्या लिटररी सोसायटीचा पहिला खंड १८१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्याचा बंजाऱ्यांवरचा निबंध आहे. लढवय्या माणसाला बैल हाकणारांविषयी इतका लांब निबंध लिहावासा का वाटला, याचे उत्तर त्याच्या आधीच्या पंचवीस-तीस वर्षांच्या लढायांत आहे.

परंतु तांड्याचे गणित समजल्यावाचून ते उत्तर कळावयाचे नाही. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशास १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात एक तांडा आडवा आला. त्यात गहू-तांदूळ लादलेले चौदा हजार बैल मोजले गेले, आणि दिवसाकाठी सहा-सात मैलांहून अधिक मजल ते करीत नाहीत असेही त्याने लिहून ठेवले. सहा-सात मैल ही चाल आपणांस हास्यास्पद वाटेल. पण त्या मंदपणातच सारी किफायत होती. बैल वाटेने चरत जातो. त्यास दाणा घालावा लागत नाही. पुरुष, बायका, मुले, कुत्री असा अवघा संसार बरोबर असल्याने चाकर ठेवावा लागत नाही. गाडी नसल्याने रस्ता लागत नाही. घाट चढता येतो, नदीचा उतार सापडला की पुरे. म्हणून पाऊस संपून रानात गवत असेपर्यंत तांड्याइतके स्वस्त वाहन दुसरे नव्हते.

चाळीसगावच्या शाळेत मी यावर मुलांना एक उदाहरण घालीत असे. शेजारीच पाटण, तेथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला. तेव्हा त्या भूमीत त्रैराशिक शिकविताना कोरड्या वाण्याउदम्याच्या उदाहरणांनी माझे समाधान होत नसे. उदाहरण असे: छावणीत लढणारे व बाजारबुणगे मिळून पन्नास हजार माणसे आहेत, माणशी रोज एक शेर धान्य, चाळीस शेरांचा मण, एका बैलावर तीन मण. तर चौदा हजार बैलांचे धान्य किती दिवस पुरेल? उत्तर तेहेतीस दिवस पुरून चौतिसाव्या दिवशी संध्याकाळी चूल थंड. १९८४ साली हे उदाहरण चालू असता मागच्या बाकावरच्या एका मुलाने उत्तर सर्वांआधी काढले आणि मग हात वर करून विचारले, “गुरुजी, घोड्यांचा हरभरा धरला नाही. बैलाचे धरू नका, बैल चालता चालता चरतो. घोडा उभा राहून खातो.” मुलगा घाटाखालच्या एका तांड्यावरचा होता. हे त्यास कोणी शिकविले, असे मी विचारले. म्हणाला, “आजा म्हणतो.” त्या आज्याने लष्कर पाहिले असणे शक्य नव्हते, तरी तीन-चार पिढ्यांमागचे व्यवहारज्ञान घरात तसेच टिकून राहिले होते. मी ते उदाहरण पुढे घोड्यांसह घालू लागलो, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचे चुकू लागले.

आता लढायांकडे वळू. पानिपतच्या वेळी भाऊसाहेबांचा भर मुख्यतः मामलतदारांवर होता. राजवाड्यांच्या पहिल्या खंडातली गोविंदपंत बुंदेल्यांस लिहिलेली पत्रे ज्यांनी वाचली असतील, त्यांस पैसा व रसद यांची ती निकड आठवेल. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत मारले गेले आणि महिन्याभरात उपाशी सैन्य रणात उतरले. तीस वर्षांनी, म्हणजे १७९१ च्या मे महिन्यात, याच्या अगदी उलटा प्रसंग श्रीरंगपट्टणापाशी घडला. टिपूवर चालून गेलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस धान्य संपल्यामुळे व जनावरे मेल्यामुळे स्वतःच्या थोर तोफा आपल्या हाताने निकामी करून माघारी फिरला. वाटेत त्यास हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज भेटली. त्या फौजेबरोबर जो बाजार होता, तो पाहून इंग्रज अधिकारी थक्क झाले. धान्य तर होतेच. पण विलायती कापड, चाकू, शाली, जडजवाहीर, काय नव्हते? भाव अर्थात उपाशी माणसाकडून घ्यावयाचा तसाच घेतला गेला. या प्रसंगी मराठ्यांनी इंग्रजांस वाचविले असे आपण अभिमानाने सांगतो. वास्तविक वाचविले ते मराठ्यांच्या छावणीतल्या व्यापाऱ्यांनी, आणि तेही नफ्यासाठी. मला त्यात कमीपणा वाटत नाही. उपाशी शिपायाच्या ताटात पडलेल्या भाकरीस, ती धर्माने आली की दामाने आली, हे कोण विचारतो?

यातून इंग्रज शिकले. कॉर्नवॉलिसच्या पुढच्या मोहिमेसाठी कॅप्टन रीड याने बंजाऱ्यांस हाताशी धरले. आर्थर वेलस्लीने १७९९ त व नंतर १८०३ त तीच रीत चालविली. नाइकास आगाऊ रक्कम द्यावयाची, त्याचा माल जकातीवाचून सोडावयाचा, छावणीच्या बाजारात त्यास आपल्या भावाने विकू द्यावयाचे, आणि उरेल ते सरकारने घेण्याची हमी द्यावयाची. असा एकंदर व्यवहार. शिवाय स्वतःचा एक राखीव साठा वेगळा, निराळ्या बैलांवर. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण वेलस्लीचा बंजाऱ्यांवर पूर्ण विश्वास कधीच नव्हता. रक्कम घेऊन नाईक वेळेवर येत नाहीत ही तक्रार त्याच्या पत्रांत वारंवार आढळते. आणि नाइकांच्या बाजूने पाहिले तर ते तरी का यावेत? त्यांस शिंदे काय, भोसले काय, निजाम काय, कंपनी काय, सारी गिऱ्हाइकेच. दोन्ही छावण्यांस धान्य लागे, म्हणून दोन्ही छावण्या तांड्यास हात लावीत नसत.

निदान तसा रिवाज होता. १८०३ च्या २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, आणि पुढच्याच महिन्यात स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर व अशीरगड घेतले. या सैन्यांसाठी चौदा हजार बैलांचा काफिला दक्षिणेकडून येत होता. ऑक्टोबरच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांनी त्यास अंबडपाशी गाठले. कॅप्टन बेन्स याने थोड्याशा पायदळानिशी दिवसभर झुंजून काफिला वाचविला. चौदा हजार बैल! मंडीच्या तांड्याएवढाच आकडा. आमच्या त्रैराशिकाने पाहिले तर महिन्याचे अन्न. आणि ते लुटले गेले असते तर नोव्हेंबरात अडगावची व डिसेंबरात गाविलगडची विजयपत्रे लिहावयास वेलस्लीस फुरसत झाली असती की नाही, याची मला शंका आहे. बेन्सचे नाव इतिहासात आले. बैलांबरोबर चालणाऱ्या माणसांपैकी त्या दिवशी किती पडले, ते मला कोठे आढळले नाही.

आजकाल आमच्या बंजारा बांधवांच्या मेळाव्यांत या पूर्ववैभवाचे वर्णन ऐकू येते. शहाजहानच्या दक्षिणेतल्या स्वाऱ्यांत आसफखान वजिराने भंगी व झंगी या नाइकांस सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला, त्यात पाणी व गवत प्रथम घेण्याचा हक्क आणि दिवसास तीन खून माफ अशी सनद होती, ही परंपरा तर सर्वांच्या तोंडी आहे. मी ती ऐकतो तेव्हा मला १६३० चा दुष्काळ आठवतो. त्या वर्षी शहाजहान बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. हाच मंडी सुरतेहून निघून नंदुरबारावरून बऱ्हाणपुरास गेला, आणि आमच्या खानदेशच्या वाटांवर त्याने प्रेते पडलेली पाहिली. माळव्याकडून धान्य घेऊन निघालेले तांडे गुजरातच्या उपाशी लोकांकडे न जाता बादशाही छावणीकडे वळविले जात होते. लष्कराच्या ताब्यात चौदा हजार बैल असणे म्हणजे रयतेच्या दारी चौदा हजार बैल न येणे, हा हिशेब कोणत्याही सनदेत लिहिलेला नसतो. दोष बैल हाकणाराचा नव्हे. ज्याच्यापाशी दाम व दंड दोन्ही आहेत त्याच्याकडेच व्यापारी वळणार. पण सैन्याने बाजारातून विकत घेतले म्हणजे कोणास लुटले नाही, अशी जी एक सोवळी समजूत आहे, ती मला पटत नाही.

पुढे आगगाडी आली. १८६० नंतरच्या दशकात ती चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करीत पुढे गेली, मुंबई-आग्रा रस्ता पक्का झाला, आणि बैलाची पाठ रिकामी झाली. ज्यांच्या भरवशावर वेलस्लीने मोहीम काढली, त्यांच्याच वंशजांवर १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का ठिकठिकाणी बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तांड्यांनी ऊसतोडीची, खडी फोडण्याची, मिळेल त्या मजुरीची वाट धरली. सैन्याची रसद हे सरकारी खाते झाले. सरकारच्या गाड्या, सरकारचे आचारी, सरकारचे कारखाने. आमच्या भुसावळचा आयुधनिर्माणी कारखाना १९४९ चा. तेथल्या नोकरीवर दोन-दोन पिढ्यांचे संसार झालेले मी पाहिले आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातल्या अशा सर्व कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या.

आणि मोठ्या जगात तर नाईक केव्हाच परत आला आहे. इराक व अफगाणिस्तान येथील लढायांत अमेरिकेने स्वयंपाक, धुणे, पाणी, तेल, मालमोटारी, सारे मक्त्याने दिले. अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या आयोगाच्या २०११ च्या अहवालाप्रमाणे २०१० साली दोन्ही देशांत मिळून मक्तेदारांची दोन लक्ष साठ हजारांहून अधिक माणसे होती. आणि निदान एकतीस अब्ज, कदाचित साठ अब्ज डॉलर उधळपट्टीत व अफरातफरीत गेले. अफगाणिस्तानात मालमोटारींचा एक मक्ता दोन अब्ज डॉलरांहून मोठा होता. त्यातले मक्तेदार वाटेवरच्या पुंड सरदारांस हप्ते देत, आणि ते पैसे शत्रूपर्यंतही जात असावेत, असे २०१० साली तेथल्याच लोकप्रतिनिधींच्या समितीने लिहिले. भोसले व कंपनी दोघांनाही धान्य विकणारा नाईक यापुढे भोळाच म्हणावयाचा. रशियात एका भोजनाच्या मक्तेदाराने पुढे स्वतःची फौजच उभारली, आणि जून २०२३ मध्ये ती राजधानीच्या रोखाने नेली. दोन महिन्यांत तो विमान कोसळून मेला. ब्रिग्जच्या बंजाऱ्यांनी दिल्लीवर स्वारी केल्याचे ऐकिवात नाही.

या सर्वांत मजुरी करणारी माणसे बहुतेक परदेशची असत. फिलिपाइन्स, नेपाळ, बांगलादेश आणि आपला देश. २००४ साली इराकात बारा नेपाळी मजुरांस धरून ठार मारण्यात आले. त्याच वर्षी आपले तीन मोटारचालक ओलीस धरले गेले व सुदैवाने सुटले.

वर सांगितलेला मागच्या बाकावरचा विद्यार्थी आज पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात तो एक इंग्रजी करारपत्र घेऊन माझ्याकडे आला. त्याचा वीस वर्षांचा थोरला मुलगा आखातातल्या एका कंपनीमार्फत अफगाणिस्तानातल्या लष्करी तळावर गोदामात हमालीस जाणार होता. पगार येथल्या ऊसतोडीच्या कितीतरी पट. “गुरुजी, एवढे वाचून सांगा,” तो म्हणाला. माझे इंग्रजी शाळेपुरतेच. तरी कोश घेऊन मी ती सहा पाने दोन दिवस वाचली. कामाचे तास होते, पगार कापण्याची कारणे अकरा होती. माणूस जखमी झाला अथवा मेला तर काय, याविषयी एक ओळही नव्हती. मी तसे सांगितले. त्याने दलालास विचारले. दलाल म्हणाला, तेथे कोणी मरत नाही. मुलीचे लग्न ठरले होते आणि मुकादमाची उचल फिटावयाची होती. मुलगा गेला.

तो चौदा महिन्यांनी परत आला. पाण्याच्या बाटल्यांचे खोके एकावर एक रचणे हे त्याचे काम. एके रात्री तळावर अग्निबाण पडला, शेजारच्या भिंतीने तो वाचला. परंतु डाव्या कानाने त्यास ऐकू येत नाही. आल्यावर मला भेटावयास आला, तेव्हा मी त्याच्या उजव्या बाजूस बसलो. मी विचारले, कोणी लिहून घेतले का? हसून म्हणाला, “गुरुजी, आमचे नाव कुठल्या पटावर होतेच कुठे? शिपायांची रोज हजेरी व्हायची. आमची मोजणी जेवणाच्या कुपनांवर.” त्या पैशांत बहिणीचे लग्न झाले, उचल फिटली आणि तांड्यावर सिमेंटचे घर उभे राहिले. यातले काहीही खोटे नाही, आणि कानही खोटा नाही.

मला नंतर कळले की अमेरिकेचा १९४१ पासूनचा एक कायदा आहे. परदेशातल्या त्यांच्या लष्करी तळावर मक्तेदाराकडे काम करणारा, मग तो कोणत्याही देशचा असो, जखमी झाल्यास त्यास विम्याची भरपाई मिळावयास हवी, पोटमक्तेदाराच्या माणसासही. म्हणजे हक्क होता. परंतु मागावयाचा तर इजा झाल्यापासून मुदतीत मागावा लागतो, तळावरच्या वैद्याचा कागद लागतो, आणि मुख्य म्हणजे असा हक्क आहे हे ठाऊक असावे लागते. मक्त्याखाली पोटमक्ता, त्याखाली दलाल, त्याखाली गावातला मुकादम. एवढ्या पायऱ्या उतरत येताना पगाराचा आकडा नीट खाली येतो, हक्काची ओळ मात्र वरच कोठे तरी राहते. मी एका ओळखीच्या वकिलांकडून इंग्रजीत अर्ज लिहून पाठविला होता. त्यास उत्तर आले की ती पोटमक्तेदार कंपनी आता अस्तित्वात नाही.

अफगाणिस्तानातून परकी फौजा २०२१ च्या ऑगस्टात निघून गेल्या. परंतु आखातातल्या बंदरांवर गोदामे आहेत आणि त्यांत माल रचावयास माणसे लागतात. या महिन्यात त्या विद्यार्थ्याचा धाकटा मुलगा जावयाचे म्हणतो आहे. बापाने दूरध्वनीवर विचारले, “ह्यावेळी किती पाने आहेत ते बघून येऊ का, गुरुजी?” मी त्यास सांगितले की पाने मोजू नकोस, दलालाकडून मूळ मक्तेदाराचे नाव व विम्याचा क्रमांक एका कागदावर लिहून घे, खाली त्याची सही घे, आणि तो कागद घेऊन मुलालाच माझ्याकडे पाठव. तो गुरुवारी येणार आहे. कोश मी काढून ठेवला आहे.